दुखतंय म्हणणाऱ्या मुलांचा इतिहास

शाळकरी मुलाच्या पोटदुखीवर मोठ्यांचा विश्वास बसत नाही, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही एक इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. मराठी घरांत शाळेच्या वेळेची पोटदुखी हा थट्टेचा विषय आहे. सोमवारी सकाळी दुखणारे आणि रविवारी न दुखणारे पोट खोटेच असणार असे धरून मुलाला दप्तरासकट घराबाहेर काढले जाते. काही वेळा ते खोटे असतेही. पण ज्याचे डोके, पोट किंवा पाठ वर्षानुवर्षे, आठवड्यातून तीन-चारदा दुखते त्या मुलाला किंवा मुलीलाही तेच उत्तर मिळते. फक्त ते देणाऱ्याच्या गळ्यात कधीकधी स्टेथोस्कोप असतो. तपासण्या होतात, सगळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतात, आणि डॉक्टर आईवडिलांना बाजूला घेऊन सांगतात, ‘काही नाही, मानसिक आहे.’ या वाक्यातले ‘काही नाही’ आणि ‘मानसिक आहे’ हे दोन तुकडे एकमेकांना इतके घट्ट कसे चिकटले, आणि ते सोडवण्याचा प्रयत्न कोणी केला, त्याची ही हकिकत.

ती मुख्यतः इंग्लंड, स्वीडन, कॅनडा आणि अमेरिका या देशांत घडते. मध्येच तिचा एक धागा इंदूरपर्यंत येतो. वैद्यकाच्या इतिहासात सहसा मोठ्या रुग्णालयांची आणि नामवंत प्राध्यापकांची नावे असतात. या हकिकतीत मात्र महत्त्वाच्या वळणांवर वारंवार विद्यार्थी भेटतात : कोणी पीएच.डी. करणारा, कोणी नर्सिंगची पदव्युत्तर पदवी घेणारी. याला योगायोगही म्हणता येईल. पण विद्यार्थ्याला प्रबंधासाठी माहिती गोळा करावी लागते, त्यासाठी खाटेशेजारी तासन्‌तास बसावे लागते, आणि ‘असल्या तक्रारींकडे फार लक्ष द्यायचे नसते’ हे व्यवसायातले शहाणपण त्याच्या अंगी अजून मुरलेले नसते. तेही एक कारण असावे.

पोट, डोके आणि तीन महिने

जॉन ॲप्ली हे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ. वारंवार पोट दुखणारी मुले त्यांच्याकडे इतकी येत की अशी मुले समाजात एकूण किती असतील हे त्यांनी मोजायचे ठरवले. १९५८ साली त्यांनी आणि नेश या सहकाऱ्याने एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. किमान तीन महिन्यांच्या काळात रोजच्या कामात खंड पडेल इतकी पोटदुखी तीनदा तरी झाली असेल, तरच ते मूल मोजायचे, अशी त्यांची अट होती. एवढ्या कडक अटीतही १०.८ टक्के मुले बसली. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात चार. पुढच्याच वर्षी त्यांचे पोटदुखीच्या मुलांवरचे पुस्तक आले आणि बालरोगतज्ज्ञांच्या एका पिढीने ते वाचले.

ॲप्लींना यांतल्या बहुतेक मुलांमध्ये शारीरिक आजार सापडला नाही. सापडले ते घरातले ताण, भित्रा किंवा अति काटेकोर स्वभाव, आणि कुटुंबात आणखी कोणाचे तरी जुने दुखणे. ॲप्लींनी या मुलांना खोटे ठरवले नव्हते. उलट घर आणि शाळा यांची चौकशी केल्याशिवाय उपचार होऊ शकत नाही असे त्यांचे सांगणे होते. पण त्यांच्या निष्कर्षाचा अर्धाच भाग दवाखान्यांत पोहोचला. पोटात काही सापडले नाही की दुखणे मनाचे ठरवायचे, आणि मनाचे ठरले की डॉक्टरांचे काम संपले असे मानायचे, अशी वहिवाट पडली. मनाचे ठरलेले दुखणे मग कोणी पाहायचे, हे कोणी सांगत नव्हते.

त्याच सुमारास स्वीडनमधल्या उप्सालात बू बिल्ले नावाचे डॉक्टर डॉक्टरेटसाठी शाळकरी मुलांच्या डोकेदुखीचा अभ्यास करत होते. सात ते पंधरा वर्षांच्या ८,९९३ मुलांची माहिती त्यांनी गोळा केली. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधात ३.९ टक्के मुलांना मायग्रेन असल्याचे दिसले. मायग्रेन रक्तात दिसत नाही, क्ष-किरण चित्रातही दिसत नाही. दुखते असे सांगणारा आणि ते लिहून घेणारा, एवढाच त्याचा पुरावा असतो. बिल्लेंनी तो पुरावा हजारोंच्या संख्येने जमवला.

पुढचे काम अधिक विलक्षण आहे. तीव्र मायग्रेन असलेली ७३ मुले त्यांनी निवडली, आणि प्रबंध संपल्यावरही त्यांना सोडले नाही. काही वर्षांच्या अंतराने ते त्यांच्याशी संपर्क साधत राहिले. मुले मोठी झाली, नोकरीला लागली, त्यांना मुले झाली. चाळीस वर्षांनंतरचा अहवाल १९९७ साली आला. जवळजवळ पाव मुलांची डोकेदुखी पंचविशीच्या आत कायमची थांबली होती. निम्म्याहून अधिक जणांना पन्नाशीतही मायग्रेन होतेच. ‘मोठे झाल्यावर जाईल’ हे वाक्य आपण मुलांना धीर म्हणून देतो. काहींच्या बाबतीत ते खरे ठरते आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत ठरत नाही, हे सांगायला एका माणसाला सगळी कारकीर्द खर्च करावी लागली.

माँट्रिअलचे कुत्रे आणि वेदनांचे शब्द

मनाचे दुखणे म्हणजे नसलेले दुखणे या समजुतीला पहिला मोठा धक्का मात्र मुलांच्या अभ्यासातून बसला नाही. त्यासाठी थोडे मागे, १९५० च्या दशकातल्या माँट्रिअलला जायला हवे. मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या हाताखाली रोनाल्ड मेल्झॅक हा विद्यार्थी पीएच.डी. करत होता. त्या प्रयोगशाळेत स्कॉटिश टेरिअर जातीची काही पिले इतर कुत्र्यांपासून आणि माणसांपासून तोडून, बंद पिंजऱ्यांत वाढवलेली होती. त्यांना धडपडण्याचा, चावा खाण्याचा, आपटण्याचा काहीच अनुभव नव्हता. मोठी झाल्यावर बाहेर काढली तेव्हा ती पेटत्या काडीत नाक घालत, मागे येत आणि पुन्हा घालत. त्यांच्या शरीरात कसलाच दोष नव्हता. इजा टाळायची असते हे शिकण्याची संधी मात्र त्यांना मिळाली नव्हती. अशा प्रयोगाला आज परवानगी मिळणार नाही, आणि मिळूही नये. पण त्यातून मेल्झॅकच्या मनात जो प्रश्न रुजला तो जन्मभर टिकला : वेदना जर नुसती मज्जातंतूंतून येणारी वर्दी असेल, तर ती शिकावी का लागते?

१९५४ साली डॉक्टरेट मिळवल्यावर मेल्झॅक अमेरिकेतल्या पोर्टलंडला विल्यम लिव्हिंग्स्टन यांच्याकडे गेले. तिथल्या वेदना-चिकित्सालयात पाय कापलेली एक वृद्ध स्त्री येत असे. नसलेल्या पायांतल्या वेदना ती तऱ्हेतऱ्हेच्या शब्दांत सांगे. मेल्झॅकनी तिचे शब्द टिपून ठेवायला सुरुवात केली, मग इतरांचेही. हा शब्दसंग्रह त्यांनी बरीच वर्षे जपला. पुढे वॉरन टॉर्गरसन या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने त्याचे वर्गीकरण केले, आणि १९७५ साली त्यातून ‘मॅकगिल वेदना प्रश्नावली’ तयार झाली. तीत ७८ शब्द वीस गटांत लावलेले आहेत. काही शब्द संवेदनेचे, म्हणजे ठणकण्याचे, भाजण्याचे, टोचण्याचे. काही भावनेचे, म्हणजे थकवणाऱ्या, घाबरवणाऱ्या, छळणाऱ्या वेदनेचे. आणि काही एकूण वेदना किती सोसवते याचे माप सांगणारे. वैद्यकात तोवर वेदनेची जास्तीत जास्त तीव्रता विचारत. वेदना कशी आहे हे विचारायला, आणि उत्तरातली भीती व थकवा हाही वेदनेचाच भाग मानून मोजायला या प्रश्नावलीने शिकवले.

त्याच्या दहा वर्षे आधी, १९६५ साली, मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेचा ‘द्वार सिद्धान्त’ मांडला होता. शरीराकडून मेंदूकडे जाणारे संदेश मज्जारज्जूत एका दारातून जातात. ते दार किती उघडायचे हे खालून येणारे संदेश जसे ठरवतात, तसेच मेंदूकडून उतरणारे संदेशही ठरवतात, असे त्यांचे म्हणणे. या सिद्धान्तातले शारीरविज्ञानाचे तपशील नंतर बरेच बदलले. मूळ कल्पना टिकली. लक्ष, भीती, आठवण, अपेक्षा या गोष्टी वेदनेवर बाहेरून चढवलेला मुलामा नाहीत, त्या वेदना घडवणाऱ्या यंत्रणेच्या आतच काम करतात. याचा अर्थ ‘मानसिक आहे’ म्हटल्याने ‘काही नाही’ हे सिद्ध होत नाही. हे शास्त्राने १९६५ साली सांगितले. दवाखान्यातले वाक्य बदलायला मात्र फार वेळ लागला, आणि मुलांच्या वॉर्डात तर त्याहून जास्त.

रंगखडू, चेहरे आणि रक्तातली साक्ष

जोॲन ईलंड अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात नर्सिंगची पदव्युत्तर विद्यार्थिनी होती. मुले वेदना कशी सांगतात, हा तिच्या १९७४ च्या प्रबंधाचा विषय. तिने शस्त्रक्रिया झालेल्या २५ मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या १३ मुलांना रुग्णालयातल्या साऱ्या मुक्कामात वेदनाशामक औषधाचा एकही डोस मिळाला नव्हता. उरलेल्या १२ मुलांना मिळून २४ डोस मिळाले. मग तिने तशाच आजारांच्या १८ प्रौढ रुग्णांच्या नोंदी काढल्या. त्यांना मिळालेले डोस ६७१ होते. सहकारी जेन अँडरसन यांच्यासह लिहिलेल्या एका प्रकरणात हे आकडे १९७७ साली प्रसिद्ध झाले, आणि बालरुग्णांच्या वेदनेवरच्या लेखनात आजही ते उद्धृत होतात.

आकड्यांमागे क्रौर्य नव्हते, समजुती होत्या. मुलांना मोठ्यांइतके दुखत नाही. दुखले तरी ती लगेच विसरतात. औषधाची त्यांना चटक लागेल. आणि सगळ्यांत सोयीची समजूत अशी की मूल रडत नाही, म्हणजे त्याला दुखत नाही. ईलंडने मुलांशी बोलून पाहिले तेव्हा एक साधी गोष्ट कळली. वेदनाशामक त्या काळी बहुधा सुईने देत. ‘दुखतंय का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटले की सुई टोचणार हे मुलांना ठाऊक होते, म्हणून ती ‘नाही’ म्हणत. तिने प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली. मुलाला रंगीत खडू द्यायचे, सर्वांत जास्त दुखण्याचा रंग कोणता आणि मुळीच न दुखण्याचा कोणता हे त्यालाच ठरवू द्यायचे, आणि माणसाच्या रेखाकृतीवर दुखते ती जागा त्या रंगाने रंगवायला सांगायचे. आपण कोणता रंग निवडतो हे मुलाचे मूल जाणे. परिचारिकेने फक्त विचारायचे आणि चित्र पाहायचे.

१९८१ च्या सुमारास ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात, भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात काम करणाऱ्या कॉनी बेकर आणि परिचारिका डोना वाँग यांनीही याच वाटेने जाऊन चेहऱ्यांची पट्टी तयार केली. कोऱ्या वर्तुळांत हसऱ्यापासून रडव्यापर्यंतचे चेहरे त्यांनी मुलांकडूनच काढून घेतले होते. आज जगभरच्या दवाखान्यांत, भारतातल्याही अनेक ठिकाणी, भिंतीवर सहा चेहरे दिसतात, त्यांचे मूळ त्या मुलांच्या चित्रांत आहे.

ज्याला खडूही धरता येत नाही त्याचे काय? इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन कंवलजीतसिंग आनंद ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात काम करताना त्यांच्या लक्षात आले की अपुऱ्या दिवसांची बाळे शस्त्रक्रियेहून परत येतात ती फार वाईट अवस्थेत. त्यांनी चौकशी केली. हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायला हवी होती ती रक्तवाहिनी बांधण्यासाठी बाळाची छाती उघडत, आणि तेवढ्यासाठी त्याला स्नायू लुळे करणारे औषध आणि नायट्रस ऑक्साइड एवढेच देत. इतक्या नाजूक जिवाला भूल झेपणार नाही, आणि त्याचा मेंदू पुरता घडलेला नसल्याने त्याला वेदना होतच नाही, असा समज होता. लुळे पडलेले बाळ रडू शकत नाही. त्यामुळे समज खोटा ठरण्याची सोयच नव्हती.

आनंद यांनी डॉक्टरेटच्या संशोधनात बाळाच्या रक्ताला विचारले. सोळा बाळांपैकी निम्म्यांना नेहमीच्या भुलीसोबत फेंटानिल हे वेदनाशामक दिले, निम्म्यांना दिले नाही, आणि ताणाच्या वेळी वाढणारी संप्रेरके दोन्ही गटांत मोजली. फेंटानिल न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ती कितीतरी वाढली होती, आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांना गुंतागुंतीही जास्त झाल्या. १९८७ च्या सुरुवातीला हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. अमेरिकेत त्याच सुमारास एका आईने, आपल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळावर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया झाल्याचे उघड करून वृत्तपत्रांपर्यंत नेले होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बाळांनाही भूल आणि वेदनाशामक द्यावीत असे जाहीर केले.

इथे दोन अविश्वास शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. नवजात बाळाबद्दल म्हटले जाई : याचे मन अजून घडलेले नाही, म्हणून याला दुखत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीबद्दल म्हटले जाते : हिचे सगळे मनातच आहे, म्हणून हिला दुखत नाही. एकीकडे मनाचा अभाव, दुसरीकडे मनाचा अतिरेक. निष्कर्ष दोन्हीकडे तोच. दोन्ही ठिकाणी वेदना ही शरीराची मालमत्ता धरलेली आहे, आणि मन म्हणजे ती खरी की खोटी हे ठरवणारे एक परके खाते. बाळाच्या बाबतीतला अविश्वास संप्रेरकांच्या आकड्यांनी काही वर्षांत मोडून काढला. त्या मुलीच्या रक्तात दाखवण्यासारखे असे काही नसते, म्हणून तिच्या बाबतीतला अविश्वास अजून चालू आहे.

हॅलिफॅक्स आणि कॅल्गरी

आता दुखण्याचा प्रकार बदलतो. जखम भरते, टाके निघतात आणि तरीही दुखणे राहते, किंवा जखमेशिवायच सुरू होऊन महिनोन्‌महिने टिकते. त्याला दीर्घकालीन वेदना म्हणतात. ॲप्लींचे तीन महिने पुढच्या अभ्यासांतही मोजमाप म्हणून वापरले गेले. २००० साली रॉटरडॅमच्या संशोधकांनी अठरा वर्षांखालच्या ५,४२४ डच मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. चौथा हिस्सा मुलांनी तीन महिन्यांपेक्षा जास्त काळचे दुखणे सांगितले होते. २०११ साली कॅनडातल्या सारा किंग आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. पाठदुखीचे प्रमाण १४ ते २४ टक्के, पोटदुखीचे ४ ते ५३ टक्के आणि डोकेदुखीचे ८ ते ८३ टक्के इतके वेगवेगळे नोंदले गेले होते. विचारण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो, हे त्यातून उघड झाले. एक गोष्ट बहुतेक अभ्यासांत सारखी होती : मुलींत प्रमाण जास्त, आणि वयाबरोबर ते वाढते. म्हणजे ज्यांच्या शब्दाला घरात आणि दवाखान्यात आधीच कमी वजन असते त्यांनाच जास्त दुखते.

कॅनडात या विषयाभोवती एक वेगळाच प्रयोग झाला. २००२ साली ‘पेन इन चाइल्ड हेल्थ’ नावाचा प्रशिक्षण उपक्रम सरकारी संशोधन निधीतून सुरू झाला. हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक मॅकग्रा हे त्याचे एक प्रमुख प्रवर्तक. मानसशास्त्र, नर्सिंग, वैद्यक, मेंदूविज्ञान अशा वेगवेगळ्या शाखांतल्या, वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मुलांच्या वेदनेच्या अभ्यासासाठी एकत्र शिकवायचे, दुसऱ्या शाखेतल्या मार्गदर्शकांकडे पाठवायचे, अशी ती योजना होती. पूर्वी ज्या गोष्टी एखाद्या विद्यार्थ्याच्या जिज्ञासेवर अवलंबून होत्या, त्यांची इथे शाळा झाली. आज मुलांच्या वेदनेवर काम करणाऱ्यांत या शाळेतून गेलेली माणसे ठिकठिकाणी भेटतात.

मेलनी नोएल त्यांपैकी एक. डलहौसीत क्रिस्टीन चेंबर्स यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करताना तिने आठ ते बारा वर्षांच्या शंभराहून अधिक निरोगी मुलांना थंड पाण्यात हात बुडवायला सांगितले आणि किती दुखले ते विचारले. दोन आठवड्यांनी फोन करून पुन्हा विचारले : तेव्हा किती दुखले होते? मग काही काळाने तोच प्रयोग पुन्हा केला. दुसऱ्या वेळी किती दुखेल, हे पहिल्या वेळी प्रत्यक्ष किती दुखले होते यापेक्षा ते किती दुखल्याचे आठवते यावर जास्त अवलंबून होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष साहित्याच्या वाचकाने थांबून पाहावा असा आहे. घडलेली वेदना संपते. सांगितली-आठवलेली वेदना पुढच्या वेदनेला घडवते.

पुढे कॅल्गरी विद्यापीठात नोएल यांच्याकडे विद्यार्थ्यांचा एक गट जमला, आणि दीर्घकालीन वेदना व तरुणांचे मानसिक आरोग्य हा त्या गटाचा विषय झाला. नोएल आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या दोन अभ्यासांतले आकडे असे. दीर्घकालीन वेदना असलेल्या किशोरवयीन मुलांपैकी ३२ टक्क्यांमध्ये आघातानंतरच्या तणावाची गंभीर लक्षणे होती. वेदना नसलेल्यांत ८ टक्के. त्यांच्या आईवडिलांतही हेच प्रमाण २० टक्के आणि १ टक्का असे होते. दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या चौदा हजारांहून अधिक तरुणांच्या राष्ट्रीय पाहणीवर आधारलेला. किशोरवयात दीर्घकालीन वेदना असलेल्यांपैकी २४.५ टक्क्यांना तरुणपणापर्यंत नैराश्याचे निदान झाले होते, इतरांत १४.१ टक्क्यांना, चिंताविकाराचे २१.१ आणि १२.४ टक्के.

हे आकडे दुधारी आहेत, आणि या विषयात काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते हातात घेताना बोटे सांभाळावी लागतात. ज्या मुलीला तीन डॉक्टरांनी ‘मानसिक आहे’ म्हणून परत पाठवले आहे, तिच्यासमोर मानसशास्त्राचा विद्यार्थी जाऊन बसतो आणि झोप, भीती, घरातली भांडणे यांबद्दल विचारू लागतो. तिला वाटते, हाही तेच म्हणायला आला आहे. विचारले नाही तर वेदनेला खतपाणी घालणारी अर्धी कारणे अंधारात राहतात; विचारले तर विश्वास तुटतो. यातून वाट काढायची तर पहिले वाक्य कोणते बोलायचे हेच महत्त्वाचे. ‘तुला दुखते आहे, हे मी धरून चालतो’ असे आधी म्हणावे लागते, आणि मग द्वार सिद्धान्ताची गोष्ट सोपी करून सांगावी लागते : भीतीने दार जास्त उघडते, झोप झाली की थोडे मिटते, म्हणून मी भीतीबद्दल विचारतो.

याच गटाच्या एका प्रयोगात टॉन्सिलची शस्त्रक्रिया झालेल्या लहान मुलांच्या आईवडिलांना, त्या दिवसाबद्दल मुलाशी नंतर कसे बोलावे हे शिकवले. दुखण्याचाच पाढा न वाचता त्या दिवशी मुलाने काय धिटाईने केले, नंतर कोणते आइस्क्रीम खाल्ले, घाबरल्यावर काय केल्याने बरे वाटले हे आठवायचे. अशा मुलांच्या आठवणीत त्या दिवसाची भीती इतर मुलांपेक्षा वाढून राहिली नाही. औषध नाही, यंत्र नाही. गोष्ट सांगण्याची रीत तेवढी बदलली.

शास्त्राची औपचारिक भाषाही आता हळूहळू बदलते आहे. वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ ची आपली व्याख्या २०२० साली सुधारली, आणि सोबतच्या टिपणांत दोन गोष्टी स्पष्ट केल्या : कोणी वेदना होते म्हटले तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा, आणि ज्याला सांगता येत नाही त्याला वेदना नाही असे समजू नये. त्याच वर्षाच्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या दीर्घकालीन वेदनेवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत व्यायाम, मानसोपचार आणि औषधे यांचा विचार एकत्र आहे. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तीत ‘दीर्घकालीन प्राथमिक वेदना’ असे स्वतंत्र निदान आहे. शरीरात दुसरा आजार सापडला नाही तरी वेदना हाच आजार म्हणून लिहिता येतो. ‘काही नाही’च्या जागी लिहायला एक शब्द मिळाला.

आपल्या भाषांत

भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. त्याआधी, २०१४ साली, केंद्र सरकारने राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला; पोषण, मानसिक आरोग्य, हिंसा, व्यसने असे त्याचे सहा मुख्य विषय आहेत. त्या सहांत वेदना नाही. म्हणजे मन मोजायची सोय होते आहे, पण डोके दुखते म्हणून आलेली मुलगी त्या खात्यात आपणहून येणार नाही. ती डोक्याची गोळी मागणार.

गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या स्त्रियांच्या जुनाट थकव्याची पाहणी केली होती. २००५ साली ती प्रसिद्ध झाली. थकव्याचा संबंध रक्तातल्या हिमोग्लोबिनशी दिसला नाही, तो गरिबी आणि मानसिक ताण यांच्याशी दिसला. अशा निष्कर्षाचे दोन अर्थ लावता येतात. ‘म्हणजे बायकांना काही झालेले नाही’ हा एक. ‘म्हणजे या बायकांना खरोखर काहीतरी झालेले आहे, आणि लोहाच्या गोळीने ते जाणार नाही’ हा दुसरा. मुलांच्या वेदनेच्या इतिहासात सत्तर वर्षे या दोन अर्थांमध्येच ओढाताण चालली आहे.

मेल्झॅकचा शब्दसंग्रह इंग्रजीत झाला, मग त्याची भाषांतरे झाली. आपल्याकडचे काम मात्र पोर्टलंडमध्ये त्यांनी केले तसे मुळापासून, ऐकत ऐकत व्हायला हवे. ठणका, कळ, चमक, सणक, तिडीक, रग, मुरडा, उसण, चुरचुर, भगभग, ठसठस हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. दात ठणकतो, पोटात मुरडा येतो, पाठीत उसण भरते. ‘पोटात गोळा येतो’ म्हणणारे मूल पोटाबद्दल बोलते आहे की परीक्षेबद्दल, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. ‘दुखणे’ हा शब्द वेदनेला चालतो आणि आजारालाही, आणि ‘दुःख’ त्याच घरातले आहे. भाषेतला हा शहाणपणा मिरवण्यात फारसा अर्थ नाही, कारण ‘सोंग’, ‘नाटक’ आणि ‘थेरं’ हे शब्दही याच भाषेत आहेत आणि आजारी मुलांना तेच जास्त ऐकू येतात.

तरी व्याकरणातली एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. मराठीत ‘मला दुखते’, ‘मला भीती वाटते’, ‘मला झोप येत नाही’ ही वाक्ये एकाच साच्यात होतात. हिंदीत आणि कन्नडमध्येही जवळजवळ तसेच. वेदना, भीती आणि जागरण या तिन्ही गोष्टी ‘मला’ होतात. मी त्या करत नाही. शरीराचे आणि मनाचे खाते वेगळे करायला निदान वाक्यरचनेत तरी जागा नाही. कॅल्गरीतल्या विद्यार्थ्यांना दार उघडण्या-मिटण्याची गोष्ट सांगून जिथे पोहोचावे लागते, तिथे आपल्या भाषेत बोलणारे मूल पहिल्याच वाक्यात उभे असते. पुण्याच्या, इंदूरच्या किंवा बेळगावच्या एखाद्या विद्यार्थिनीने प्रबंधासाठी वही घेऊन त्याच्याशेजारी बसावे, आणि ‘खरंच दुखतं का?’ न विचारता ‘कसं दुखतं?’ असे विचारावे. उत्तरात मूल जे सांगेल, ते त्याच्या शब्दांत लिहून घ्यावे.